रंगेहाथ: लाचेच्या नोटेवरची पांढरी पावडर गुलाबी का होते?

पेपरात चार-आठ दिवसांआड एक बातमी ठरलेली असते. सातबाऱ्यावर नोंद लावायला कुणीतरी पैसे मागितले, तक्रारदार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे गेला, सापळा लागला आणि पैसे घेताना साहेब रंगेहाथ सापडले. ‘रंगेहाथ’ हा शब्द आपण वाक्प्रचार म्हणून वाचतो आणि पान उलटतो. पण कितीतरी सापळ्यांमध्ये तो शब्दशः खरा असतो. नोटांना आधीच एक बारीक पांढरी पावडर चोळून ठेवलेली असते. नोटा हातात घेतल्या की ती बोटांना लागते, पण नजरेला दिसत नाही. मग पंचांच्या समोर काचेच्या ग्लासात धुण्याच्या सोड्याचं पाणी घेतात आणि त्यात संशयिताची बोटं बुडवायला लावतात. सोड्याचं पाणी नितळ, पावडर पांढरी, आणि दोन्ही एकत्र आले की ग्लास गुलाबी.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. ‘कॉन्ज्युगेशन आणि डीलोकलायझेशन’ हा भाग आला की अर्ध्या वर्गाचे चेहरे उतरतात. मुलं व्याख्या पाठ करतात, वहीत वाकडे बाण काढतात, मार्कही मिळवतात, पण हे कशाबद्दल चाललंय हे त्यांना कळलेलं नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्या ग्लासातला गुलाबी रंग, वरणातली हळद, गाजराचा केशरी रंग आणि मोबाइलचा चमकणारा पडदा या सगळ्यांच्या मुळाशी हीच एक कल्पना आहे, आणि ती समजायला गणित लागत नाही.

कार्बनचे चार हात

कार्बनच्या अणूला चार हात असतात असं शाळेत सांगतात. ते सांगणं बरोबर आहे. प्रत्येक हात म्हणजे जोडणीसाठी पुढे केलेला एक इलेक्ट्रॉन. दोन अणूंनी एकेक हात धरला की एकेरी बंध होतो, दोन-दोन धरले की दुहेरी.

शाळेत सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की दुहेरी बंधातल्या दोन पकडी सारख्या नसतात. पहिली दोन अणूंच्या बरोब्बर मध्ये, थेट आणि घट्ट असते. दुसरी वेगळीच असते. रेणू टेबलावर सपाट ठेवलाय असं समजा. या दुसऱ्या पकडीतले इलेक्ट्रॉन टेबलाच्या पातळीत नसतात, ते त्याच्या वर आणि खाली ढगासारखे असतात, आणि शेजारच्या अणूचा तसाच ढग त्यांना बाजूने येऊन मिळतो. ही पकड सैल असते. तिला पाय बंध म्हणतात (हा पाय म्हणजे π हे ग्रीक अक्षर) आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनांना पाय इलेक्ट्रॉन. पुढची सगळी गोष्ट या सैल इलेक्ट्रॉनांची आहे.

खोल्या आणि गॅलरी

आता एका साखळीत दुहेरी, एकेरी, दुहेरी, एकेरी असे बंध एकाआड एक आले तर काय होईल? कागदावर आपण पहिला-दुसरा कार्बन एका दुहेरी बंधात बांधतो, तिसरा-चौथा दुसऱ्या दुहेरी बंधात, आणि मध्ये एकेरी रेघ ओढतो. पण दुसऱ्या कार्बनवरचा ढग आणि तिसऱ्या कार्बनवरचा ढग शेजारी-शेजारीच असतात. आपण कागदावर काढलेली रेघ त्यांना अडवत नाही. तेही एकमेकांत मिसळतात.

गिरगावातली जुनी चाळ आठवा. खोल्या वेगळ्या, पण दारासमोरून एकच लांब गॅलरी गेलेली. घट्ट बंधातले इलेक्ट्रॉन म्हणजे खोलीतलं सामान, ज्याचं त्याच्या घरात. पाय इलेक्ट्रॉन मात्र गॅलरीतले. अमुक गॅलरी चार नंबरच्या खोलीची, असं कुणी म्हणू शकत नाही. ती सगळ्या मजल्याची असते.

दुहेरी आणि एकेरी बंध असे एकाआड एक येण्याला कॉन्ज्युगेशन म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला संयुग्मन असा शब्द आहे. त्यामुळे इलेक्ट्रॉन एका जोडीपुरते न राहता साऱ्या साखळीवर पसरतात, ते डीलोकलायझेशन. एवढे दोन शब्द पुरे.

‘एकाआड एक’ ही अट पक्की आहे. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं. त्याच्या रेणूत दोन दुहेरी बंध असतात, पण त्यांच्या मध्ये एक असा कार्बन आहे ज्याचे चारही हात एकेरी बंधांत अडकलेत. त्याच्याकडे ढगासाठी इलेक्ट्रॉन उरतच नाही. तिथे गॅलरी तुटते. दोन दुहेरी बंध एकाच रेणूत असूनही एकमेकांना अनोळखी राहतात.

मग इलेक्ट्रॉन इकडून तिकडे उड्या मारतात का?

दरवर्षी वर्गात हा प्रश्न येतो आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. दोष आपल्या चित्रांचा आहे.

मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्ये लंडनमध्ये, दिव्याचा गॅस बनवताना उरणाऱ्या तेलकट द्रवातून बेंझीन वेगळं केलं. सहा कार्बन, सहा हायड्रोजन. त्याची रचना कशी हे चाळीस वर्षं कुणाला सुटेना. १८६५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी सहा कार्बनांचं कडं सुचवलं, त्यात एकाआड एक दुहेरी बंध. पण असं कडं दोन प्रकारे काढता येतं: दुहेरी बंध पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाजूला, किंवा दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या. खरं कोणतं? १८७२ मध्ये केकुले यांनीच मार्ग काढला, की बंध सतत जागा बदलत असावेत. विद्यार्थ्यांच्या डोक्यात आजही हेच चित्र बसलेलं असतं. क्षणात हे रूप, क्षणात ते.

तसं होत नाही. दोन रूपं आलटून-पालटून येत असती तर त्यातल्या दुहेरी बंधाची लांबी एक आणि एकेरीची दुसरी असायला हवी होती. एका मीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोमीटर. साधा एकेरी कार्बन-कार्बन बंध १५४ पिकोमीटर लांब असतो, दुहेरी १३४. बेंझीनच्या कड्यातल्या सहाही बाजू मोजल्या तर प्रत्येक १३९ ते १४० भरते. सहाच्या सहा सारख्या, आणि दोन्हींच्या अधलीमधली लांबी. कडं सपाट आणि समभुज आहे हे १९२९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी इंग्लंडमधल्या लीड्स इथे बेंझीनच्याच कड्याच्या एका संयुगाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून दाखवलं.

मी वर्गात थालीपीठाच्या भाजणीचं उदाहरण देते. भाजणीत ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने सगळं असतं. पण भाजणी या क्षणी ज्वारी आणि पुढच्या क्षणी बाजरी असते का? ती कायम भाजणीच असते. बेंझीन तसंच आहे. एका जागी हे उदाहरण अपुरं पडतं, तेही मी सांगते. ज्वारी-बाजरी आधी वेगवेगळ्या डब्यांत होत्या, मग दळल्या गेल्या. बेंझीनची ती दोन रूपं मात्र कधीच, कुठेच नव्हती. ती आपली कागदावरची सोय आहे. पसरलेला ढग रेघांनी दाखवता येत नाही म्हणून आपण दोन चित्रं काढतो आणि म्हणतो, खरं यांच्या मधलं समजा.

पसरण्यातून रेणूला फायदा होतो, आणि तो मोजता येतो. कड्यात एकच दुहेरी बंध असेल आणि त्यात हायड्रोजन घातला तर एका मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप) सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तीन दुहेरी बंध असतील तर ३६० पडायला हवी. बेंझीनच्या बाबतीत पडते फक्त २०८. उरलेली दीडशे किलोज्यूल बेंझीनकडे मुळात नव्हतीच. इलेक्ट्रॉन मोकळे पसरल्यामुळे ते आधीच खालच्या पातळीवर, जास्त स्थिर होऊन बसलेलं होतं.

मिरजेचा तंबोरा आणि रंग

इलेक्ट्रॉन पसरले तर रंग का यावा? त्यासाठी मिरजेला जाऊ. तिथल्या तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे पुरुषांचा तंबोरा मोठा असतो आणि बायकांचा लहान, चढ्या पट्टीचा. तार लांब असली की सूर खाली येतो, आखूड असली की वर जातो. तारेला वाटेल तो सूर काढता येत नाही. तिची लांबी तिचे सूर ठरवते.

रेणूतला इलेक्ट्रॉनही असाच बांधलेला असतो. त्याला ऊर्जेच्या ठराविक पायऱ्याच मिळतात. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जायला नेमकी तेवढी ऊर्जा लागते, आणि ती तो प्रकाशातून घेतो. फिरायला जागा कमी असेल तर पायऱ्यांमधलं अंतर मोठं, जागा ऐसपैस असेल तर लहान. म्हणून साखळी जितकी लांब, तितक्या कमी ऊर्जेच्या प्रकाशावर इलेक्ट्रॉनचं भागतं.

आपल्याला दिसणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ४०० कडचा जांभळा जास्त ऊर्जेचा, ७०० कडचा लाल कमी ऊर्जेचा. ४०० च्या अलीकडे अतिनील, तो आपल्याला दिसत नाही. एकटा दुहेरी बंध असलेलं इथिलीन १७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं. एकाआड एक असे दोन बंध आले की २१७, तीन आले की २५८. आकडा चढत जातो, पण अजून अतिनीलमध्येच आहे, म्हणून ही सगळी संयुगं आपल्याला रंगहीन दिसतात. बेंझीनही याच कारणाने पाण्यासारखं दिसतं. ते २५५ च्या आसपास शोषतं, आणि तो भाग आपल्या डोळ्यांच्या कक्षेत नाही.

आकडा ४०० च्या पुढे सरकला की रंग जन्माला येतो. रेणूने पांढऱ्या प्रकाशातला निळा-जांभळा भाग गिळला तर उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. हिरवा गिळला तर गुलाबी-किरमिजी. रंग म्हणजे गिळून उरलेलं.

डांबरगोळीपासून सापळ्यापर्यंत

बेंझीनची कडी एकमेकांना चिकटवत गेलं तर हेच डोळ्यांना दिसतं. दोन कडी चिकटली की नॅप्थलीन होतं, जुन्या डांबरगोळ्यांतलं. पांढरं. तीन ओळीने चिकटली की अँथ्रासीन. तेही दिसायला पांढरं, पण ३७५ नॅनोमीटरपर्यंत पोचलेलं, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या अगदी उंबरठ्यावर. चौथं कडं लावलं की उंबरठा ओलांडला, पदार्थ नारिंगी होतो. पाचवं लावलं की गडद निळा-जांभळा. प्रत्येक वेळी वाढलं ते फक्त एक कडं.

यातलं अँथ्रासीन थेट आपल्या बातमीत आहे. महाराष्ट्रातल्या लाचेच्या खटल्यांच्या निकालपत्रांत ‘अँथ्रासीन पावडर’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. नोटांना ही पावडर लावतात, आणि नंतर पाण्याच्या ग्लासाऐवजी अतिनील दिवा वापरतात. साध्या उजेडात हात स्वच्छ दिसतो. दिवा लावला की बोटांवर निळसर चकाकी उमटते.

असं का होतं, ते आता तुम्हीच सांगू शकाल. अतिनील प्रकाश घेऊन अँथ्रासीनचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. तिथे थोडी ऊर्जा रेणूच्या थरथरण्यात, उष्णतेच्या रूपाने निघून जाते. मग तो खाली उतरतो आणि उरलेली ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर टाकतो. चढताना घेतली त्यापेक्षा ही ऊर्जा थोडी कमी असते, म्हणून न दिसणारा प्रकाश आत गेला तरी बाहेर येतो तो दिसणारा निळा. अँथ्रासीन उंबरठ्यावर आहे म्हणून हे साधतं. बेंझीन याच दिव्याखाली धरलं तर काहीच होणार नाही, कारण त्या दिव्याचा प्रकाश ते शोषतच नाही.

आता तो ग्लास

दुसरी पावडर म्हणजे फिनॉल्फ्थॅलिन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये ती पहिल्यांदा बनवली. बारावीच्या प्रॅक्टिकलला जिने हिला हात लावलाय ती हिला विसरणार नाही. ब्युरेटमधून थेंब पडत असतात, चंचुपात्राखाली पांढरी फरशी ठेवलेली असते. प्रत्येक थेंबाबरोबर गुलाबी ढग येतो आणि हलवलं की जातो. मग एक थेंब असा पडतो की तो जात नाही. तीस वर्षांनंतरही बायका मला सांगतात, बाकी सगळं विसरलो, तो थेंब लक्षात आहे.

या रेणूत तीन कडी आहेत, बेंझीनसारखीच. तिन्ही एका मधल्या कार्बनला जोडलेली. पांढऱ्या पावडरमध्ये त्या मधल्या कार्बनचे चारही हात एकेरी बंधांत अडकलेले असतात, तीन हात तीन कड्यांना आणि चौथा एका ऑक्सिजनला. करडईच्या तेलात पाहिलं तेच इथे आहे. मधल्या कार्बनकडे ढगासाठी काही उरलेलं नाही. तीन गॅलऱ्या आहेत, पण त्यांना जोडणाऱ्या चौकात भिंत घातलेली. प्रत्येक कडं आपापल्यापुरतं अतिनील शोषतं आणि पावडर पांढरी दिसते.

धुण्याचा सोडा अल्कधर्मी असतो. तो रेणूच्या कडेच्या कड्यांवरचे हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपाने काढून घेतो. मागे राहिलेल्या ऑक्सिजनवर ऋणभार साचतो आणि तो आतल्या बाजूला रेटा देतो. त्या रेट्याने मधला कार्बन आपला चौथा हात, ऑक्सिजनला धरलेला, सोडून देतो. आता त्याला तीनच शेजारी उरतात, आणि मोकळा झालेला हात ढगात सामील होतो. भिंत पडते. एका कड्यातले इलेक्ट्रॉन चौकातून पलीकडच्या कड्यात पोचतात. जागा एकदम वाढते, पायऱ्यांचं अंतर घटतं, आणि शोषण अतिनीलमधून उडी घेऊन ५५० नॅनोमीटरच्या आसपास येतं. तो हिरवा प्रकाश. हिरवा गिळला गेला, गुलाबी उरला.

रेणूत नवीन काही मिसळलं नाही, कुणी रंग टाकला नाही. एका कार्बनने एक हात सोडला एवढंच. हे मुलांना सांगताना मला अजूनही तितकंच नवल वाटतं. हा बदल पीएच (द्रावण किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) ८.२ ते १० च्या दरम्यान होतो, म्हणून साध्या पाण्याने चालत नाही, सोडा लागतो.

घरात करून पाहा: हळद

पांढऱ्या बनियनवर वरणाचा डाग पडला आणि त्याला कपड्याचा साबण लावला की पिवळा डाग विटकरी-लाल होतो. घाबरून आणखी साबण लावला की आणखी लाल. हेच चिमूटभर हळदीत पानाला लावायचा चुना घालून बघा. लालभडक रंग येतो. हळदीला चुना किंवा टाकणखार लावून कुंकू करायची जुनी पद्धत याच गुणावर उभी आहे. हळदीकुंकवाच्या तबकातल्या दोन कोयऱ्यांत, तसं पाहिलं तर, एकच रेणू दोन अवस्थांत असतो. बाजारातलं स्वस्त कुंकू बऱ्याचदा कृत्रिम रंगाचं असतं, ते सोडून.

तो रेणू म्हणजे कर्क्युमिन. १८१५ मध्ये तो हळदीतून वेगळा केला गेला, त्याची रचना कळायला १९१० साल उजाडलं. दोन टोकांना बेंझीनसारखी दोन कडी आणि मध्ये सात कार्बनांची साखळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत गॅलरी अखंड. तो ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश गिळतो, म्हणून पिवळा. चुना किंवा साबण प्रोटॉन काढून घेतो, ऑक्सिजनवरचा ऋणभार साखळीत पसरतो आणि शोषण हिरव्याच्या दिशेने सरकतं. रंग लालाकडे जातो. डागावर लिंबू पिळलं की प्रोटॉन परत मिळतो आणि डाग पुन्हा पिवळा. लिंबू आणि साबण आलटून-पालटून लावत बसायला माझ्या विद्यार्थिनींना फार आवडतं, आणि मी त्यांना थांबवत नाही.

भेसळीच्या तपासणीतही हाच गुण उपयोगी पडतो. हळदीत मिसळला जाणारा मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंगही कॉन्ज्युगेशनमुळेच पिवळा आहे, पण त्याचा स्वभाव उलटा. तो आम्लात किरमिजी होतो. शुद्ध हळदही तीव्र आम्लात लालसर होते, पण भरपूर पाणी घातलं की तिचा तो रंग जातो. मेटॅनिल यलो असेल तर रंग टिकतो. यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, त्यामुळे ही तपासणी प्रयोगशाळेतच व्हावी, ओट्यावर नाही.

दुहेरी बंध जितके जास्त तितका रंग गडद, असं म्हणायचं का?

नुसत्या संख्येवर जाऊ नका. गाजरातलं बीटा-कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन, दोघांचं रेणुसूत्र अगदी एकच: चाळीस कार्बन, छप्पन हायड्रोजन. दोघांच्या साखळीत एकाआड एक असे अकरा दुहेरी बंध. तरी गाजर केशरी आणि टोमॅटो लाल.

फरक आहे तो सपाटपणात. लायकोपीनमध्ये अकराही बंध सरळ साखळीत, एका पातळीत आहेत. बीटा-कॅरोटीनमध्ये त्यांतले दोन टोकाच्या कड्यांत अडकलेत, आणि दाटीमुळे ती कडी साखळीच्या पातळीतून थोडी वळलेली असतात. तिथे शेजारच्या ढगांचं नीट जुळत नाही. दोन चाळींच्या गॅलऱ्या जोडल्या पण पातळीत पायरीचा फरक पडला, तर ये-जा अडखळते तसं. साखळी अकराची असूनही ती थोडी आखूड असल्यासारखी वागते. बीटा-कॅरोटीन ४५० च्या आसपास शोषतं, लायकोपीन ४७० च्या. एवढ्या फरकाने केशरीचा लाल होतो.

आणि साखळी लांबवतच गेलं तर? वीज वाहील?

हा प्रश्न हुशार मुलं विचारतात. गॅलरी मैलभर लांब केली तर इलेक्ट्रॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतील, म्हणजे प्लॅस्टिक तारेसारखं होईल?

पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये कार्बनची कडी पत्र्यासारखी पसरलेली असतात आणि त्यातून वीज वाहते. हिऱ्यात प्रत्येक कार्बनचे चारही हात एकेरी बंधांत गुंतलेले, तिथून वाहत नाही. दोन्ही निव्वळ कार्बन. पण सरळ साखळीचं तसं नाही. खूप लांब साखळीतही बंध किंचित लांब, किंचित आखूड असे एकाआड एकच राहतात, बेंझीनसारखे पूर्ण समान होत नाहीत. त्यामुळे पायऱ्यांमधलं अंतर एका मर्यादेखाली उतरत नाही आणि शुद्ध साखळी जेमतेम अर्धवाहक राहते.

यातून वाट निघाली ती एका चुकीमुळे. टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिॲसिटिलीन, म्हणजे अशीच एकाआड एक दुहेरी बंधांची खूप लांब साखळी, बनवताना उत्प्रेरक हजारपट जास्त पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखी चकचकीत पापुद्र्याची फिल्म तयार झाली. पुढे शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी त्या फिल्मला आयोडीनची वाफ दिली. आयोडीनने साखळीतले काही इलेक्ट्रॉन काढून घेतले आणि गच्च भरलेल्या गॅलरीत हलायला जागा झाली. तिची वाहकता कित्येक लाख पटींनी वाढली. ते साल १९७७. याच कामासाठी तिघांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज ओलेड पडद्याच्या मोबाइलमध्ये जे उजळतं, ते अशाच कॉन्ज्युगेटेड रेणूंचे पातळ थर असतात.

जगातले सगळे रंग असेच का?

नाही. मोरचुदाचा निळा तांब्याच्या आयनामुळे, गेरूचा तांबडा लोहामुळे, आणि मोरपिसाचे निळे-हिरवे त्याच्या सूक्ष्म रचनेमुळे. फुलं, फळं, पानं आणि कापडाचे बहुतेक कृत्रिम रंग मात्र कॉन्ज्युगेशनच्या घरातले.

ग्लास गुलाबी झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला?

गुलाबी रंग इतकंच सांगतो, की या बोटांना फिनॉल्फ्थॅलिन लागलं होतं. ते का लागलं, नोटा मागून घेतल्या की कुणी हातात कोंबल्या, हे रेणूला ठाऊक नसतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की लाचेची मागणी आणि स्वीकार या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हायलाच हव्यात, भले परिस्थितिजन्य पुराव्याने का होईना. रसायनशास्त्राचा आदर बाळगूनच मला हे योग्य वाटतं.

आणखी एक गोष्ट वकिलांच्या कामाची आहे. गुलाबी द्रावण बाटलीत भरून सील करतात, आणि खटला उभा राहीपर्यंत ते फिकं झालेलं असू शकतं. म्हणजे पुरावा बदलला का? तसंच असेल असं नाही. द्रावण फार अल्कधर्मी असेल तर त्यातला हायड्रॉक्सिल गट हळूहळू त्याच मधल्या कार्बनपाशी येतो आणि त्याचा मोकळा हात धरतो. पुन्हा चार एकेरी बंध, चौकात पुन्हा भिंत. पावडर बाटलीतच असते, तिन्ही कडी शाबूत असतात, रंग तेवढा गेलेला असतो. वर्गात हे दाखवायला मी धुण्याच्या सोड्याऐवजी कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण घेते. गुलाबी रंग येतो, आणि तास संपायच्या आत मुलांच्या डोळ्यांदेखत ओसरतो. मग मी सावकाश, थेंबाथेंबाने सौम्य आम्ल सोडते. थोड्या वेळाने गुलाबी परत येतो.

हळदीच्या डागाचं मात्र असं परत येणं नाही. तो बनियन धुऊन कडक उन्हात दोरीवर टाकला की डाग फिकट होत जातो, कारण उन्हातला अतिनील आणि निळा प्रकाश शोषता शोषता ती सात कार्बनांची साखळीच मध्ये तुटते आणि गॅलरीचे तुकडे पडतात. आमच्या गच्चीवर डागाची बाजू उन्हाकडे करून कपडे वाळत घालायची सवय आईला होती. कर्क्युमिन हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता.